खवल्यात लपलेला डोंगर

चाखणीच्या काचेच्या ताटलीत दोन चिमटी भुकटी ठेवली होती. दोन्ही पिवळट, दोन्ही रवाळ. नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नव्हता.

"डावीकडची भुकटी कशाची?" भिकूआजोंनी विचारलं.

चाखणीने बारीक लेसर सोडला, किंचित धूर निघाला, आणि तिचा हिरवा दिवा लुकलुकला.

"केराटिन."

"आणि उजवीकडची?"

"केराटिन. एकच पदार्थ दोनदा का चाखायला देता? मला दुसरी कामं नाहीत का?"

अकरा वर्षांची शलाका खो खो हसली. चाखणी हे यंत्र होतं शिलाई मशीनएवढं, पण तोंड मात्र भांडखोर शेजारणीचं. कोणतीही वस्तू कणभर जाळून, तिच्यात कोणकोणते अणू आहेत ते ती सांगायची. भिकूआजो म्हणजे शलाकाच्या आजोबांचे धाकटे भाऊ, डॉक्टर भिकाजी घाडी. औषधाचे नव्हे, दगडांचे डॉक्टर. आयुष्यभर खडकांचा अभ्यास करून ते वडसाळीच्या माळावरच्या वन्यजीव उपचार केंद्रात येऊन बसले होते, आणि चाखणी त्यांनीच घडवली होती.

"डावीकडची माझी," शलाका दारात उभ्या असलेल्या दादूकाकाला म्हणाली. "अंगठ्याच्या नखाची. उजवीकडची तुमची."

काकाने बोटातली अंगठी चटकन मुठीत दडवली. चांदीच्या पट्टीत खवल्याचा तुकडा बसवलेली ती अंगठी. तिच्या कडेवरून सकाळीच शलाकाने कानस फिरवली होती.

"यंत्राक काय कळता!" काका गुरगुरला. "मूळव्याध गेली माझी तेच्यान."

"गेली?"

"म्हणजे... कमी झाली."

"मग उशी घेऊन का बसता? काकी सांगत होती."

"तुझी काकी सगळ्या गावाक सांगता!"

"काका, माझी नखं घ्या ना. दर आठवड्याला फुकट देईन. वस्तू तीच आहे."

केराटिन (नखं, केस, शिंगं, खूर ज्यापासून बनतात ते प्रथिन) कुणाचाही आजार बरा करत नाही. खवले मांजराच्या अंगावरचे खवले म्हणजे नखंच. त्यात औषध नाही, ताकद नाही, नशीबही नाही. तरीही जगात सगळ्यात जास्त चोरून विकल्या जाणाऱ्या रानटी सस्तन प्राण्यांत खवले मांजर येतं. दूर देशातले श्रीमंत विकत घेतात, आपल्या शहरातले शिकलेले घेतात, आणि दादूकाकासारखे लोक बोटात घालतात. वर हाच दादूकाका केंद्राचे ड्रोन सांभाळायचा, जंगल राखायला! याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

"अंगठी घेतलीस कुठून?" आजोंनी विचारलं.

"जत्रेत," काका म्हणाला, आणि ड्रोनचं चार्जिंग बघायचं निमित्त करून सटकला.

तेवढ्यात वनरक्षक रजनी गवस जीप घेऊन आली. तिच्या हातात गोणपाट होतं, आणि गोणपाटात फणसाएवढा गोळा.

"घाटातल्या नाक्यावर पकडला," ती म्हणाली. "टोमॅटोच्या गाडीत, क्रेटखाली. ड्रायव्हर म्हणतो, हायवेवर दुसऱ्या गाडीने पोतं दिलं. त्या गाडीला कुणी दिलं, त्याला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नसावं. ह्यांची रीतच तशी. पोतं तीन हातांतून फिरवायचं, म्हणजे पहिला हात सापडत नाही."

गोळा हलत नव्हता. तपकिरी खवले एकावर एक, कौलारू घरासारखे. शलाकाने हात पुढे केला तसा आजोंनी तो मागे घेतला.

"नको. घाबरलंय ते. घाबरलं की खवले मांजर मऊ पोट आत घेतं आणि गुंडाळी करतं. वाघाचेसुद्धा दात लागत नाहीत."

"मग चांगलंच आहे की."

"वाघासाठी. माणसाला चावायचं नसतंच, उचलून पिशवीत टाकायचं असतं. पळत नाही, ओरडत नाही, तोंडात दातच नाहीत म्हणून चावत नाही. लाखो वर्षं जिने जीव वाचवला, ती युक्ती माणसापुढे उलटी फिरली."

केंद्राच्या पशुवैद्यांनी दिवे मंद केले, सगळ्यांना गप्प बसवलं आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने गुंडाळी थोडी सैल झाली. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दूध आहे हिला," ते म्हणाले. "पिल्लू आहे कुठेतरी. एकच असतं बहुधा. फार लहान असेल तर आई त्याला बिळात ठेवून जाते, आणि जाताना बिळाचं तोंड मातीने लिंपते."

त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. कुठल्यातरी डोंगरात, मातीने बंद केलेल्या अंधारात, एक पिल्लू आईची वाट पाहत होतं. आणि आईला बोलता येत नव्हतं.

"ड्रोन पाठवा ना! उष्णता बघणारा कॅमेरा आहे त्याला," शलाका म्हणाली.

"कुठल्या डोंगरावर?" रजनी म्हणाली. "इथून गोव्याच्या हद्दीपर्यंत डोंगरच डोंगर. बीळ जमिनीखाली, तोंड बंद. अगदी जवळून गेल्याशिवाय दिसायचं नाही. आज-उद्यात सापडलं तर ठीक. नाहीतर..."

"नाहीतर काय ते नको सांगूस," आजो म्हणाले. त्यांनी बारीक कानस उचलली. "तिला बोलता येत नाही, पण तिच्या खवल्याला येतं. शलाका, आता लक्ष देऊन ऐक."

पशुवैद्यांनी ती त्यांच्या हातून घेऊन एका खवल्याच्या टोकाशी हलकेच फिरवली. नख घासल्यासारखं, दुखत नाही. भुकटी ताटलीत पडली.

"खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं एक मूलद्रव्य अगदी थोडं असतं," आजो सांगू लागले. "त्याचे अणू सगळे एकाच वजनाचे नसतात. काही हलके, काही किंचित जड. अशा अणूंना समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे, वजनाने वेगळे असलेले भाऊ) म्हणतात. काही जुन्या खडकांत दुसरं एक मूलद्रव्य हळूहळू बदलून जड स्ट्रॉन्शियम बनतं. म्हणून खडकाची जात आणि वय बदललं की हलक्या-जड अणूंचं प्रमाण बदलतं. सह्याद्रीचा काळा दगड वेगळा, आपल्याकडचे त्याहून कितीतरी म्हातारे खडक वेगळे. शिसं आणि आणखी दोन-चार मूलद्रव्यं जोडीला घेतली, की प्रत्येक डोंगराची जणू सहीच तयार होते."

"पण डोंगराची सही खवल्यात कशी जाईल?"

"तूच सांग. खडक झिजला की काय होतं?"

"माती."

"मातीतून?"

"झाडं. गवत."

"ते कोण खातं?"

"वाळवी! आणि वाळवीला खवले मांजर खातं!" शलाका ओरडली आणि पशुवैद्यांनी डोळे वटारले तशी कुजबुजत म्हणाली, "म्हणजे डोंगर तिच्या पोटात जातो."

"आणि पोटातून खवल्यात. खवला वाढत राहतो, नखासारखाच. ती जिथे जेवली, ते त्यात उमटत राहतं."

चाखणीने भुकटी चाखली. पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटली. आता ती फक्त गावोगावच्या सह्यांच्या नकाशाशी जुळवायची होती. नकाशा तयारच होता! मागच्या वर्षी तालुक्यातल्या गावागावांतल्या शाळांतून मुलांच्या नखांच्या पुड्या आल्या होत्या. मुलं गावातच राहतात, म्हणजे त्यांच्या नखांत गावाची सही असणार, असा आजोंचा हिशेब. शलाकाने स्वतः त्या पुड्यांवर गावांची नावं लिहिली होती.

चाखणी बराच वेळ घरघरली.

"जुळत नाही. एकाही गावाशी नाही."

"पुन्हा बघ."

"शंभरदा बघते. नाही म्हणजे नाही."

आजोंनी खांदे पाडले. "मग ती आपल्या तालुक्यातली नाहीच. ही रेघ जुन्या खडकाची आहे. दक्षिणेला, कर्नाटकात असे खडक खूप आहेत. रजनी, तिकडच्या केंद्राला कळव. हिला तिकडे न्यायला हवं."

रजनीने फोन काढला. गाडीत पाणी भरलं, पेटीत माती अंथरली. दूरचा प्रवास होता.

इतक्यात मैनाकाकी डबा घेऊन आली. दादूकाकाची बायको. शलाकाचे आईवडील नोकरीसाठी बाहेरगावी असायचे, म्हणून शलाका काका-काकीकडेच वाढत होती. काकीने डब्याचं झाकण काढलं. भात आणि कुळथाची पिठी.

"जेव गो. आणि तोंड कित्याक पाडलंस?"

शलाकाने घास घेतला. जिभेवर भात तसाच राहिला.

"काकी, हा तांदूळ कुठला?"

"रेशनचो. आणि खंयचो आसतलो?"

"रेशनवर कुठून येतो?"

"पोत्यार छत्तीसगड लिवलेला आसता. आपली शेतां पडीक घालून किती वर्सां झाली, तुका म्हायत नाय?"

शलाका डबा तसाच टाकून यंत्राकडे धावली. "चाखणी, नकाशातल्या सगळ्या गावांच्या सह्या एकमेकींहून किती वेगळ्या आहेत?"

"फारशा नाहीत. मी तेव्हाच सांगितलं होतं. आजो म्हणाले, माझ्यात बिघाड आहे. माझ्यात!"

"आजो, बिघाड तिच्यात नाही. नखांत आहे! आम्ही आमच्या गावात राहतो, पण आमचं गाव खातच नाही. सगळी मुलं एकाच रेशनचा तांदूळ खातात. नाहीतर मग पाकिटातले कुरकुरीत तुकडे. तुम्ही गावांचा नकाशा नाही केला, रेशन दुकानाचा केलात!"

आजोंनी चष्मा काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"मी गाढव आहे," ते म्हणाले.

"नोंद केली," चाखणी म्हणाली.

"रजनी, थांबव गाडी! ती इथलीच असू शकते. इथल्या दक्षिणेच्या डोंगरांतही जुने खडक आहेत. पण आता नकाशाच नाही आपल्याकडे. आपलंच गाव खाणारं कोण आहे? कुणाकडून नमुना घ्यायचा? गावोगाव माती खणत फिरायला आठवडा जाईल."

शलाकाच्या मनात ते आधीच आलं होतं. गावाबाहेर कधीच न जेवणारी एकच जात. वाळवी. आणि वाळवीचं घर म्हणजे वारूळ. आणि वारूळ म्हणजे सातेरी.

दक्षिण कोकणात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. वडसाळीच्या खोऱ्यात त्यावर आणखी एक रीत होती. लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत आपल्या गावच्या सातेरीच्या वारुळाची चिमूटभर माती बांधून द्यायची. लाल कापडाची पुडी. ती आयुष्यभर देवघरात राहायची.

"काकी," शलाका म्हणाली, "आपल्या गावात किती गावांहून सुना आल्यात?"

काकी क्षणभर बघत राहिली. मग तिचे डोळे मोठे झाले. "चेडवा, आमी सगळ्याच भायल्यो! एक तरी वडसाळीची आसा काय?"

वाडीत बातमी फिरायला फोन लागत नाही. काकी एका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी राहून ओरडली, पुढचं काम खळ्याखळ्यांनी केलं. बायका केंद्रात जमल्या. हातात लाल पुड्या. फक्त पारबीणकाकू पुडी छातीशी धरून बसली.

"देवीची माती यंत्रात जाळूची? माका नाय पटणा."

"कणभरच जळेल, काकू," शलाका म्हणाली. "उरलेली परत देते. तुमच्या पुडीत कदाचित पेटीतल्या आईचंही माहेर असेल. ही आई तिथे गेली नाही, तर तिचं बाळ बिळात मरेल."

पारबीणकाकूने पेटीकडे पाहिलं. मंद उजेडात गुंडाळी किंचित सैल झाली होती आणि एक लांबट तोंड माती हुंगत होतं.

"बाळंतीण ती?" काकूने विचारलं.

"हो."

"मगे आदी सांगूचा नाय?" काकूने पुडी सोडली. "घे. कुंभेऱ्याची आसा. आणि त्या यंत्राक सांग, पाय धुवन शिव म्हणान."

"मला पाय नाहीत," चाखणी म्हणाली.

एकेक पुडी उघडत गेली. कुंभेरे, पाटघर, आडेलखोल. प्रत्येक पुडीची रेघ वेगळी! आजो लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. नखांनी जे दाखवलं नव्हतं, ते या मातीने दाखवलं. पण आईच्या खवल्याशी काही जुळेना.

शेवटी मैनाकाकीने आपली पुडी दिली. रानतळ्याची.

दिवा हिरवा झाला.

"जुळली," चाखणी म्हणाली. "पक्की. आणि एक सांगायचं राहिलं. ही चव आज मी तिसऱ्यांदा चाखते आहे. एकदा पेटीतल्या आईची. एकदा या मातीची. आणि पहिल्यांदा, सकाळी. अंगठीची."

सगळ्यांच्या माना दारात परत येऊन उभ्या राहिलेल्या दादूकाकाकडे वळल्या.

"जत्रेत घेतलीस ना?" आजोंनी शांतपणे विचारलं.

काकाने अंगठीचा हात पाठीमागे नेला. बोलली काकी. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"जत्रेत नाय. माझ्या भावान दिल्यान. सुभल्यान. दिवाळसणाक. माका म्हणालो, खंयतरी मेलेला गावला."

रजनीने वही काढली नाही, आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "रानतळ्याचा डोंगर मोठा आहे. बीळ कुठे आहे ते त्यालाच ठाऊक. विचाराल?"

"माझो सख्खो भाऊस आसा तो," काकी म्हणाली. "तुरुंगात जातलो."

"जाईल. या गुन्ह्याला सूट नाही."

काका मध्ये पडला. "अगो, गप रव. मेलाच आसतला ता पिल्लू. तेच्यासाठी माह्यार तोडतंस?"

काकी वळली. "तुमी बोलू नकात. तुमच्या बोटात तिचो कोण आसा तो बघा आदी. आवस आसात नायतर बापूस." मग तिने फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "सुभल्या, मी बोलतंय. खोटा बोलू नको. खवल्या मांजर खंय धरलंस? ... माका सगळा कळला. तिका पोर आसा. ... रडू नको. जागा सांग."

मग उत्तर आलं. सातेरीच्या राईच्या मागे, उंबराखाली.

वनखात्याच्या ताब्यातला प्राणी असा कुणीही उचलून सोडत नाही. न्यायाधीशांची परवानगी लागते. रजनीने ती फोनवरच्या सुनावणीत घेतली. ऊन कलायच्या आत जीप शलाका, आजो आणि मैनाकाकीला घेऊन रानतळ्याला पोहोचली. मागून काका ड्रोन घेऊन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याने ड्रोन उंबराखाली अगदी जमिनीलगत उडवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यावरच्या काळोखात एक लहानसा ठिपका. लाल नव्हे, फिकट नारिंगी. पण होता.

"हां! जिता आसा," काका म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

पेटी बिळापासून थोड्या अंतरावर उघडून सगळे झुडपांमागे बसले. गोळा तसाच. कावळे घरी निघाले. शलाकाच्या पायाला मुंग्या आल्या, पण ती हलली नाही.

मग गोळा उघडला. लांब तोंड बाहेर आलं, हवा हुंगली, जमीन हुंगली. आई डुलत डुलत, पुढची नखं आत वळवून, बिळापाशी गेली आणि तिने माती उकरायला सुरुवात केली. माती मागे उडाली, ताजी, लालसर. ती आत शिरली. शेपटीचं टोक बाहेर राहिलं, मग तेही गेलं. आतून एक बारीक शिट्टीसारखा आवाज आला, आणि थांबला.

"आवाज का थांबला?" शलाका घाबरून कुजबुजली.

ड्रोनच्या पडद्यावर मोठा लाल ठिपका आणि त्याला चिकटलेला नारिंगी. आता दोन वेगळे दिसतच नव्हते.

"दूध पिता," पारबीणकाकू म्हणाली. तीही आली होती, जीपमध्ये मागे बसून. "तोंडात घास आसल्यार बोलतला कसा?"

त्याच वेळी खाली वाडीत वनखात्याची दुसरी गाडी सुभल्याच्या दारात उभी होती. सुभल्या पहिला हात. तो पुढचं नाव सांगेल, पुढचा त्याच्या पुढचं. नाही सांगितलं तर खवले सांगतील. आजवर असं व्हायचं की ड्रायव्हर तुरुंगात सडायचा, सुभल्यासारखे निसटायचे, आणि एसीत बसून पोती मागवणारा शेठ मिशीवर ताव द्यायचा. यापुढे बंदरावर पोतंभर खवले सापडले, तर एकेक खवला आपलं गाव सांगेल. कुठून किती गेले, कुठल्या वाटेने गेले, कुठे पहारा हवा, सगळं कळेल. पोतं तीन काय, तीस गाड्यांतून फिरवा. खडकाची सही पुसता येत नाही.

"नकाशा नव्याने करायचा," आजो म्हणाले. "या वेळी वारुळांचा. गावोगावच्या शाळांनी करायचा."

"आणि नखं?" शलाकाने विचारलं.

"तुझी नखं छत्तीसगडची. आधी स्वतःच्या शेतातला भात खा, मग बघू."

दादूकाकाने अंगठी काढून रजनीच्या तळहातावर ठेवली. ती म्हणाली, "हिचाही जबाब द्यावा लागेल, दादू." तो म्हणाला, "देतंय." त्याच्या बोटावर एक पांढरा वळ उरला होता.

मैनाकाकी मात्र उठली नव्हती. खाली वाडीत तिचं माहेर होतं. ते दार आता तिला बंद होणार होतं, आणि भावाची बायको तिचं तोंडही पाहणार नव्हती. शलाकाने खिशातून लाल पुडी काढून काकीच्या हातात दिली.

"काकी, थोडी जळली यातली. कमी झाली."

काकीने पुडी उघडली. मग ती वाकून, आवाज न करता, बिळापर्यंत गेली. आईने उकरून बाहेर टाकलेल्या ताज्या मातीतली एक चिमूट उचलली, पुडीत घातली, आणि गाठ मारली.

"भरली," ती म्हणाली. "चल गो घराक."